चकोल्या, सॉसेज आणि एकच पातेलं

आज बोलायचंय सूपबद्दल. सूप म्हटलं की हॉटेलात जेवणाआधी वाटीत येणारं पातळ पाणी आठवतं. ते नव्हे. पोटभरीचं सूप, एकाच पातेल्यात शिजणारं, ज्याच्याबरोबर चपाती लाटायला नको आणि वेगळा भात लावायला नको. इटलीकडे असं सूप कडधान्य, पास्ता आणि असेल तर थोडं सॉसेज घालून करतात. तिथेही ते मुळात गरिबाघरचं, शेतावरून आलेल्या माणसाचं जेवण. आमच्या गटातल्या मुलींनी ते मोबाईलवर पाहिलं आणि विचारलं, आपल्याला जमेल का? जमेल काय, अर्धं तर आपण करतच आलोय. वरणात कणकेचे तुकडे शिजवले की झाल्या चकोल्या. विदर्भ-खानदेशाकडच्या बायका त्यालाच वरणफळं म्हणतात. डोंबिवलीत शेजारी गुजराती घर असेल तर तिथली दाळ ढोकळी तुम्ही खाल्लीच असेल.

पास्ता या शब्दालाही दबकून जायचं कारण नाही. गव्हाचा रवा पाण्यात घट्ट मळायचा, आकार द्यायचा, वाळवायचा, एवढंच ते. उन्हाळ्यात आपण शेवया करतो, लग्नाच्या रुखवतात गव्हले, नखुले, बोटवे मांडतो, ते दुसरं काय आहे? आपण त्यांची गोड खीर केली, त्यांनी तिखटमिठाचं सूप केलं. फरक गव्हाच्या जातीत आहे. पास्त्याला ड्युरम नावाचा कडक गहू लागतो. आपल्याकडचा बन्सी गहू त्याच जातीचा. त्याचा रवा शिजूनही दाताखाली लागतो, विरघळत नाही. रोजच्या चपातीच्या गव्हाची कणीक त्यामानाने मऊ. म्हणून चकोल्या करताना थोडी जास्त काळजी घ्यायची.

पाच माणसांचं प्रमाण सांगतो. एक वाटी तूरडाळ हळद आणि चमचाभर तेल घालून कुकरमध्ये मऊ शिजवा आणि घोटून घ्या. दोन वाट्या कणकेत मीठ, हळद, थोडा ओवा आणि दोन चमचे तेल घालून चपातीपेक्षा घट्ट मळा. वीस मिनिटं झाकून ठेवा. मोठ्या पातेल्यात राई, जिरं, हिंग, कढीपत्ता, ठेचलेला लसूण यांची फोडणी करा. त्यात कांदा, टोमॅटो आणि घरात असेल तो मसाला परता. मग घोटलेलं वरण आणि सहा-सात वाट्या गरम पाणी घाला. आता वाटेल, हे फार पातळ झालं. होऊ द्या, कणीक पाणी ओढणार आहे.

कणीक चपातीपेक्षा किंचित जाड लाटा, सुरीने शंकरपाळ्यासारखे तुकडे कापा आणि एकेक करून सोडा. वरण खळखळ उकळत असतानाच सोडायचे, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. उकळतं पाणी लागलं की तुकड्याची वरची बाजू लगेच शिजून बंद होते आणि आकार टिकतो. पाणी नुसतं कोमट असेल तर शिजण्याआधीच पीठ सुटतं आणि पातेल्यात खळ तयार होते. सगळे तुकडे एकदम ओतले तरी तेच, पाणी थंड पडतं आणि तुकडे एकमेकांना चिकटतात. आठ-दहा मिनिटांनी एक तुकडा मोडून बघा. मध्ये पांढरा ठिपका दिसला तर अजून दोन मिनिटं. मूठभर शेवग्याचा पाला शेवटी घाला आणि गॅस बंद केल्यावर लिंबू पिळा.

लिंबू चवीपुरतं नाही. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. म्हणजे आपल्या दहाजणींच्या गटात पाच-सहाजणी. डाळीतलं आणि पाल्यातलं लोह शरीराला सहज उचलता येत नाही, आंबट फळातलं क जीवनसत्त्व ते उचलायला मदत करतं. थोडं मांस किंवा मासळी असेल तर तीही मदत करते. उलट जेवणावर लगेच घेतलेला चहा ते अडवतो. चहा सोडा असं आम्ही म्हणणार नाही, कुणी ऐकणारही नाही. तासभर थांबा, एवढंच.

आता सॉसेज. ठाणे-वसईच्या आपल्या भागाला ते परकं नाही. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतलं आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई. त्याआधी सुमारे दोनशे वर्षं हा मुलूख पोर्तुगीजांकडे होता. त्या काळात ख्रिस्ती झालेली, ईस्ट इंडियन म्हणवणारी कुटुंबं आजही इथे आहेत, घरात आपलीच मराठी बोली बोलतात, उन्हाळ्यात मसाला कांडून बाटलीत दाबून भरतात म्हणून त्याला बॉटल मसाला म्हणतात. पोर्तुगीजांचीच दुसरी आठवण म्हणजे गोव्याचं सॉसेज, तिथल्या बोलीत चोरिस. डुकराच्या मांसाचे तुकडे मीठ, सिरका, लाल मिरची, मसाल्यात मुरवून आतड्याच्या नळीत भरतात, दोऱ्याने गाठी मारतात आणि उन्हात किंवा धुरावर वाळवतात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात त्याच्या माळा टांगलेल्या दिसतात. पावसाळ्यात मासळी कमी, म्हणून केलेली ही बेगमीच, आपल्या सुक्या बोंबलासारखी. गोव्यात ते राजम्यात घालून शिजवतात, त्याला फेजोआदा म्हणतात. म्हणजे कडधान्य आणि सॉसेज यांची जोडी जुळलेलीच आहे.

आमच्या गटात सगळ्या घरचं खाणं सारखं नाही. काही माळकरी, काही मुसलमान, काही आगरी-कोळी, एकदोघी ख्रिस्ती. त्यामुळे पातेलं एकच, वरची भर वेगळी, असं आम्ही ठरवलं. डुकराचं खात असाल तर गोव्याची तीनचार लहान सॉसेजं पुरतात. ती कच्ची असतात, नुसती वाळवलेली, म्हणून सालीतून काढून कांद्याबरोबर आधी नीट शिजवायची. त्यांचं तेल सुटतं, वेगळं तेल नको. कोंबडीचं सॉसेज हवं असेल तर ते बर्फाच्या पेटीतल्या पाकिटात मिळतं. दोनशे ग्रॅम घ्या, चकत्या करा, तव्यावर लाल परता आणि शेवटच्या पाच मिनिटांत घाला. दुकानातून घरी येईपर्यंत पाकीट मऊ पडलं तर परत बर्फात ठेवू नका, त्याच दिवशी संपवा. दोन्हींत मीठ भरपूर असतं, म्हणून पातेल्यात मीठ सगळ्यात शेवटी, चव बघून.

आणि हे रोजचं खाणं नव्हे, हेही सांगायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये सॉसेजसारखं टिकवलेलं मांस कर्करोगाचा धोका वाढवणाऱ्या गोष्टींत धरलं आहे. महिन्यातून एखाद्या वेळी हौस म्हणून ठीक. आमचं खरं मत विचाराल तर सोडे घाला. मूठभर सोडे कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवायचे, दोनदा धुवायचे आणि लसणाच्या फोडणीत परतून वरणात सोडायचे. सॉसेज जे काम करतं तेच सोडे करतात. वाळवून टिकवलेल्या गोष्टीची चव दाट असते, थोडीच घातली तरी सगळं पातेलं मासळीचं वाटतं, आणि जिथे मटण-मासळी सगळ्यांना पुरत नाही तिथे हे उपयोगी पडतं. शाकाहारी घरात भाजलेल्या शेंगदाण्याचं जाडसर कूट आणि लसूण-खोबऱ्याची चटणी घाला. मुसलमान मैत्रिणी उरलेला खिमा घालतात, तेही फक्कड लागतं.

बाजारचा पास्ता वापरायचा असेल तर पाच जणांना दीड वाटी पुरे. पाकिटावर लिहिलंय त्यापेक्षा दोन मिनिटं आधी गॅस बंद करा, गरम वरणात तो शिजत राहतो. मसाल्याची पुडी बरोबर आली असेल तर ती बाजूला ठेवा. तिच्यात मीठ भरपूर असतं आणि आपल्या फोडणीला तिची गरज नाही.

चकोल्यांचा एक स्वभाव आहे, त्या थांबत नाहीत. अर्धा तास ठेवल्या की सगळं पाणी पितात आणि पातेल्यात गोळा होतो. पुष्कळ जणी याला खोट समजतात. आम्हाला यातच फायदा दिसला. चपातीच्या जेवणात काय होतं, तुम्हाला माहीत आहे. घरातले बसतात, आपण तव्यापाशी उभ्या, गरम गरम वाढत राहतो. सगळे उठल्यावर आपल्या ताटात भाजीचा रस्सा आणि कडेची चपाती. कसारा नाहीतर कर्जत लोकलने रात्री साडेआठला उभ्याने आलेली बाईसुद्धा घरी येऊन परत उभीच राहते. चकोल्यांच्या दिवशी तव्याजवळ कुणी लागत नाही. पातेलं मधे ठेवायचं, सगळ्यांनी एकदम बसायचं, कारण उशीर केला तर बिघडणार. आमच्या कल्याणच्या एका गटाने आठवड्यातून एक वार यासाठी ठरवून घेतला. त्या दिवशी पहिला डाव करणारीच्या ताटात पडतो आणि त्यात सोडे असतात की नाही ते तिने बघून घ्यायचं. सासूबाईंना पटवायला एकदोघींना वेळ लागला. ‘आईंना दातांनी चपाती चावत नाही, हे मऊ आहे’ असं सांगितल्यावर सोपं झालं, आणि ते खोटंही नव्हतं.

कापायचं काम दुपारीच करून ठेवायचं असेल तर तुकड्यांवर कोरडं पीठ भुरभुरून ताटात पसरून ओल्या फडक्याने झाका. एकावर एक रचू नका. वरण आणि फोडणीही तयार ठेवता येते, मग घरी आल्यावर पंधरा मिनिटांत जेवण. उरल्याच तर सकाळी वाटीभर उकळतं पाणी आणि नवी लसणाची फोडणी घालून सैल करा. सॉसेज किंवा सोडे घातलेलं मात्र उन्हाळ्यात रात्रभर बाहेर ठेवू नका. फ्रिज नसेल तर ज्यांना हवं त्यांच्यापुरती ती भर वाटीत वेगळी परतून घ्या आणि ताटातच घाला, म्हणजे पातेल्यात उरेल ते नुसतं वरण आणि कणीक.