दोन ठिपके की तीन?

व्हायोलिन वाजवणारा समोरचा कागद हातभर लांबून वाचतो. ऑर्केस्ट्रात तर एका स्टँडवर दोघं. काळा गोळा रेषेवर आहे की दोन रेषांच्या मधे, एवढंच बघायचं असतं, पण ते सेकंदात कितीदा तरी. पाच आडव्या रेषा जाड झाल्या तर नोटा त्यांत बुडतात; बारीक झाल्या तर नजर निसटते; आणि पाचांतली एखादीच जाड आली तर डोळा उगाच तिच्याकडेच ओढला जातो. आपल्या भातखंडे पद्धतीत अक्षरं असल्याने ही कटकट नाही. (तिथली खोड निराळी: मंद्र सप्तकाचं टिंब झेरॉक्समध्ये उडालं की सूर अख्खं सप्तक वर चढतो.)

संपादकांनी नोटेशनच्या छपाईचा इतिहास मागितला होता. तो थोडक्यात असा: १५०१ मध्ये व्हेनिसला पेत्रुच्चीने छापलेला पहिला संग्रह, त्यात रेषा आणि नोटा वेगवेगळ्या खेपांना उठवलेल्या; पुढे धातूच्या पत्र्यावर कोरीवकाम, आणि लाइपझिगमधले मोठे कारखाने. मी रमलो ते कोरणाऱ्याच्या एका हत्यारात. त्याला पाच दात, तिफणीसारखे, फक्त दोन जास्त. पट्टीला टेकवून ओढलं की पाचही रेषा एका दमात उमटायच्या. अंतर आणि जाडी दातांनीच ठरवून टाकलेली, त्यामुळे एक रेषा दुसरीहून वेगळी निघायला वावच नव्हता. म्युनिकच्या हेन्ले प्रकाशनाकडे हे हातकाम विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत चालू होतं.

कॉम्प्युटरकडे दात नाहीत, ठिपके आहेत. स्टाइनबर्ग कंपनीच्या ब्राव्हुरा या नोटेशनच्या फाँटमध्ये रेषेची जाडी दोन रेषांमधल्या अंतराच्या ०.१३ पट सुचवली आहे. पाच रेषांचा स्टाफ ७ मिलिमीटर उंच धरला तर दोन रेषांत १.७५ मिलिमीटर अंतर आणि रेषा जेमतेम ०.२३ मिलिमीटर. ॲपलच्या १९८५ च्या लेझररायटरसारख्या ३०० डीपीआयच्या, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांच्या, प्रिंटरवर ही रेषा २.७ ठिपक्यांची होते. पण ०.७ ठिपका छापता येत नाही. ज्याचा मध्य रेषेच्या आत, तोच ठिपका काळा करायचा, असा नियम धरून मी कागदावर हिशेब मांडला. पहिल्या रेषेची कड ठिपक्याच्या कडेला जुळवली, तर पहिली रेषा तीन ठिपक्यांची, दुसरी दोन, तिसरी आणि चौथी तीन, पाचवी पुन्हा दोन. जाड रेषा बारकीच्या दीडपट! ६०० डीपीआयला पाच किंवा सहा ठिपके येतात, १२०० ला दहा किंवा अकरा. तिथे मात्र फरक डोळ्याला जाणवेनासा होतो.

वांद्र्याच्या एका झेरॉक्सवाल्या काकांना हा हिशेब कुणी शिकवलेला नाही. नाताळच्या आधी क्वायरवाले त्यांच्याकडे पेनड्राइव्ह घेऊन येतात. काकांना क्रॉचेट-मिनिम ही नोटांची नावं कळत नाहीत. पान बाहेर आलं की भिंग लावून ते फक्त रेषा बघतात, आणि एखादी जाड दिसली की काही न बोलता पान बाजूला ठेवून सेटिंग उघडतात. बहुतेक वेळा चोर तिथेच सापडतो: ‘फिट टू पेज’. ऑर्केस्ट्रातल्या एकेका वाद्याचे पार्ट पुष्कळदा ९ बाय १२ इंचांचे. ए-फोरवर बसवायला मशीन ते सुमारे ९२ टक्के करतं. सात मिलिमीटरचा स्टाफ साडेसहाच्याही खाली येतो आणि ठिपक्यांची सगळी गणितं नव्याने फिसकटतात.

“ॲक्चुअल साइज करा, नाहीतर मोठा कागद आणा,” काका म्हणतात.

मोठा कागद कुणी आणत नाही.

प्रिंटरला पान समजावून सांगणारी भाषा म्हणजे पोस्टस्क्रिप्ट; तिच्या दुसऱ्या पिढीत, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, या जाड-बारीक रेषांवर तोड निघाली. रेषा ‘रेषा’ म्हणून पाठवली तर प्रिंटर तिला ठिपक्यांच्या जाळीवर सरकवून सगळीकडे सारख्या जाडीची करू शकतो. पाच दातांचं काम परत आलं म्हणायचं, पण अटीवर. तीच रेषा एखाद्या सॉफ्टवेअरने बारीक, भरलेला आयत म्हणून पाठवली, तर ही दुरुस्ती तिला लागू होत नाही. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, त्यामुळे गिऱ्हाईक काकांशी भांडतं.

ठिपके जुळले तरी शाई उरतेच. इंकजेटची शाई साध्या कागदाच्या तंतूंतून पसरते, रेषा फुगते आणि मिनिमचं पोकळ पोट भरत जातं. लेझरवर टोनर वाचवायचं बटण दाबलं की उलटा प्रकार, रेषा मधेमधे तुटते. झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेलं की दोन्ही दोष एकाच पानावर नांदतात. कित्येक क्वायर वर्षानुवर्षं अशाच पानांवरून गातात, कारण मूळ प्रत कुणाकडे आहे हेच ठाऊक नसतं.

सगळ्यांत वाईट मामला व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोचा. त्यात काळी रेषा नसतेच, असतो करडा पट्टा. साध्या प्रिंटरकडे करडी शाई नाही, म्हणून तो त्या पट्ट्याची बारीक ठिपक्यांची जाळी करतो आणि रेषेच्या दोन्ही कडा दातेरी होतात. तिथे १२०० डीपीआयचं मशीनही कामाचं नाही. काका असा फोटो छापायला घेण्याआधी एकदा विचारतात, पीडीएफ मिळेल का. नाही म्हटलं तर छापून देतात, दर तोच.