वैद्यकीय प्रतिमा आज्ञावली, विनामूल्य

वैद्यकीय प्रतिमा आज्ञावली, विनामूल्य : क्ष-किरण, श्राव्यातीत ध्वनी, अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन इ. साधनांनी मिळणाऱ्या शरीराच्या अंकीय प्रतिमा पाहणे, मोजणे, त्यांवर संस्कार करणे व त्या साठवून ठेवणे यांसाठी मोबदल्याविना मिळणाऱ्या संगणकीय आज्ञावली (सॉफ्टवेअर). त्यांची संख्या मोठी असल्याने त्यांच्या वर्गीकृत सूची इंटरनेटवर ठेवण्यात येतात.

इतिहास : लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात १ ऑक्टोबर १९७१ रोजी गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने रुग्णाच्या मेंदूची पहिली संगणकीय छेदप्रतिमा (सीटी स्कॅन) घेण्यात आली. ती ८० × ८० बिंदूंची होती. पुढे ५१२ × ५१२ बिंदूंची प्रतिमा रूढ झाली. प्रत्येक बिंदूस दोन बाइट धरल्यास अशा एका प्रतिमेस सु. अर्धा मेगाबाइट जागा लागते व एका तपासणीत शेकडो प्रतिमा मिळू शकतात. आरंभी प्रत्येक यंत्रनिर्मात्याची साठवण-पद्धती निराळी असे. ही अडचण दूर करण्यासाठी अमेरिकेतील क्ष-किरणतज्ञ व विद्युत् साधनांचे निर्माते यांच्या संघटनांनी १९८३ मध्ये संयुक्त समिती नेमली. तिचे पहिले मानक १९८५ मध्ये व ‘डायकॉम’ हे नाव धारण केलेले मानक १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. समान मानकामुळे यंत्रनिर्मात्यांवर अवलंबून नसलेल्या आज्ञावली लिहिणे सुकर झाले.

प्रमुख आज्ञावली : अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत वेन रॅसबँड यांनी १९८७ मध्ये ‘एनआयएच इमेज’ व १९९७ मध्ये ‘इमेजजे’ या आज्ञावली तयार केल्या. बॉस्टन परिसरात उगम पावलेली ‘थ्रीडी स्लायसर’ ही अवयवांची त्रिमितीय रूपे दाखविते, तर बेल्जियममधील ल्येझ येथील ‘ऑर्थांक’ ही प्रतिमांचा संग्रह व देवाणघेवाण यांसाठी वापरतात.

सूचीची रचना : केवळ नावांची यादी उपयोगी पडत नाही. प्रत्येक नोंदीत आज्ञावलीचे कार्य, तिला वाचता व लिहिता येणारी प्रतिमा-स्वरूपे, चालण्यास लागणारी संगणक-प्रणाली, परवान्याच्या अटी आणि अखेरच्या सुधारणेची तारीख या बाबी असाव्या लागतात. स्वरूपाची नोंद विशेष महत्त्वाची आहे. उदा., ‘ॲनलाइझ’ या जुन्या स्वरूपात प्रतिमेची दिशा निःसंदिग्धपणे नोंदली जात नसे. त्यामुळे मेंदूची डावी व उजवी बाजू यांची अदलाबदल होण्याचा धोका असे. ‘निफ्टी’ या नंतरच्या स्वरूपात दिशा नोंदण्याची सोय करण्यात आली.

परवान्याची नोंदही वेळोवेळी तपासावी लागते. विनामूल्य आज्ञावलीची आद्यसंहिता (सोर्स कोड) खुली असतेच असे नाही. ‘ओसिरिक्स’ ही प्रारंभी मुक्त असलेली आज्ञावली पुढे व्यापारी झाली. तिच्या मुक्त संहितेवरून ‘होरोस’ ही स्वतंत्र आज्ञावली निर्माण झाली. मेंदूच्या प्रतिमांविषयीच्या साधनांची ‘निट्रिक’ ही सूची अमेरिकेत २००७ मध्ये सुरू झाली.

मर्यादा : विनामूल्य उपलब्धतेमुळे अल्प साधनांच्या रुग्णालयांना व विद्यार्थ्यांना मोठा लाभ होतो, तथापि अशा अनेक आज्ञावली संशोधनापुरत्याच असून त्यांना रोगनिदानासाठी शासकीय मान्यता नसते. सूचीत हा भेद स्पष्ट न केल्यास चुकीच्या मापनावरून उपचार ठरण्याचा संभव असतो. तसेच डायकॉम संचिकेत (फाइलमध्ये) रुग्णाचे नाव, जन्मतारीख इ. माहिती असते; ती काढून टाकणाऱ्या आज्ञावलींचा स्वतंत्र वर्ग करणे इष्ट ठरते.