घरातलं विज्ञान – भाग ९ : फेस बघून पावडर घालू नका

परवा संध्याकाळी शेजारच्या काकूंनी हाक मारली. “अरे, जरा मशिन बघ ना. तासाभरात होणारं धुणं आज अडीच तास झाले तरी संपत नाही.” जाऊन पाहिलं, तर फ्रंट लोडची काच आतून पांढरीफटक. ड्रम फिरे, थांबे, पाणी घेई आणि पुन्हा फिरे. पावडरचा खण ओढला, तर त्याच्या कोपऱ्यात ओल्या पावडरीचा बोटभर जाड थर बसलेला. बाजूला पिशवी होती बादलीत कपडे भिजवायच्या पावडरीची, आणि माप म्हणून आमटीची वाटी. “दोन वाट्या घातल्या,” काकू म्हणाल्या. “एक घातली तर फेसच दिसत नाही. फेस नसेल तर मळ निघेल कसा?”

काकूंचा प्रश्न रास्त आहे. मागच्या आठवड्यात आपण मशिनच्या पाण्याचा हिशेब पाहिला. कपडे पूर्ण बुडवणारं टॉप लोड एका धुण्याला शंभर लिटरच्या वर पाणी सहज घेतं, तर फ्रंट लोड साधारण ५० ते ७० लिटरांत काम उरकतं. त्या थोड्या पाण्यात काय घालायचं आणि किती, हे आज पाहू.

आधी फेसाबद्दल. आपल्या आज्यांचा फेसावर विश्वास होता आणि तो बरोबर होता, कारण त्या साबण वापरत. शाळेत आपण सुफेन आणि दुष्फेन पाणी शिकलो. विहिरीच्या जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. साबण आधी त्या क्षारांशी बांधला जातो आणि त्याचा पांढरट साका होतो. क्षारांचं देणं फिटल्यावर जो साबण उरतो, तोच फेस देतो आणि तोच मळ काढतो. म्हणजे फेस आला की साबण पुरेसा झाला, ही खूण खरी होती.

नंतर डिटर्जंट आलं. भारतात सर्फ १९५९ साली आली, निरमा १९६९ साली. दोन्ही पावडरी बादलीसाठी होत्या. हाताने धुणाऱ्याला फेस बघायची सवय होती आणि या पावडरीही भरपूर फेस देत. पण डिटर्जंटचा साबणासारखा साका होत नाही आणि त्याचा फेस बनवणाऱ्याला हवा तसा कमीजास्त करता येतो. डिटर्जंटच्या कणाचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलाला. कापडावरच्या तेलकट मळाला वेढा घालून तो सोडवणं हे त्याचं काम. जे कण वर येऊन हवेचे बुडबुडे धरून बसतात, ते त्या वेळी कापडापर्यंत पोचलेलेच नसतात.

फ्रंट लोडमध्ये तर फेस कामात अडथळा आणतो. या ड्रमच्या आत उंचवटे असतात. ते कपडे वर उचलतात आणि माथ्यावरून खाली टाकतात. नदीवर दगडावर कपडे आपटायचे, तेच हे काम. फेस भरला की कपडे पाण्यावर न आपटता मऊ गादीवर पडतात आणि मळ सुटत नाही. वर पंपाला पाणी उपसता येतं, फेस नीट उपसता येत नाही. फेस जास्त झाल्याचं अनेक मशिनांना कळतं. मग ती फेस बसेपर्यंत थांबतात आणि खळबळायला पुन्हा पाणी घेतात. काकूंचं मशिन बिघडलेलं नव्हतं, ते फेसाशी झगडत होतं.

म्हणून पहिला नियम: मशिनमध्ये मशिनचंच डिटर्जंट घाला. आपल्या बाजारात त्याला सरसकट ‘मॅटिक’ म्हणतात आणि पाकिटावर ‘फ्रंट लोड’ किंवा ‘टॉप लोड’ लिहिलेलं असतं. अमेरिकेतून आलेल्या डब्यावर कमी पाण्याच्या मशिनसाठी ‘एचई’ अशी खूण असते. या डिटर्जंटमध्ये फेस दाबणारे घटक घातलेले असतात. फ्रंट लोडची पावडर टॉप लोडमध्ये चालते, फेस कमी दिसेल इतकंच. उलट करू नका. रिठ्याचं पाणी रेशमी साडी बादलीत धुवायला उत्तम, पण तो भरपूर फेसाळतो. त्याला मशिनपासून लांब ठेवा.

पावडर की लिक्विड? जड पाण्याला आणि चिखलमातीच्या मळाला पावडर सरस, कारण तिच्यात पाण्यातले क्षार आवरणारे सोड्यासारखे घटक भरपूर असतात. तेलकट डागांना, गार पाण्याला आणि गडद रंगाच्या कपड्यांना लिक्विड बरं. ते लगेच विरघळतं आणि काळ्या कपड्यावर पांढरे कण ठेवत नाही. लोकर आणि रेशीम म्हणजे प्रथिनांचे धागे. रक्त, दूध, घाम यांचे डाग तोडणारी एन्झाइम्सही प्रथिनंच तोडतात. म्हणून या कपड्यांना लोकरीचं सौम्य लिक्विडच वापरा. कॅप्सूल वापरत असाल तर ती ड्रममध्ये, कपड्यांच्या खाली ठेवा. तिचं माप कमी करता येत नाही, त्यामुळे अर्ध्या धुण्याला ती जास्तच होते.

आता माप. ते तीन गोष्टींवर ठरतं: कपड्यांचं वजन, मळ आणि पाणी.

वजन म्हणजे कोरड्या कपड्यांचं. जीन्स साधारण पाऊण किलो, मोठा टॉवेल अर्धा किलो, सुती शर्ट पाव किलो धरा. ७ किलोच्या मशिनमध्ये चार शर्ट आणि दोन टॉवेल टाकले, तर भार दोनच किलो झाला. त्याला भरल्या मशिनची पावडर कशाला? उलट मशिन ठेचूनही भरू नका. सुती कपडे टाकल्यावर ड्रमच्या वरच्या बाजूला हाताचा पंजा उभा मावला पाहिजे, नाहीतर कपड्यांना पडायला जागाच राहत नाही.

मळ सारखा नसतो. एक दिवस ऑफिसला घातलेला शर्ट आणि शेतावरून आलेली पँट यांना एक माप लावू नका. पाकिटावर दिलेलं पूर्ण माप भरल्या मशिनला आणि चांगल्या मळलेल्या कपड्यांना असतं. नुसत्या घामाच्या कपड्यांना निम्म्यापासून सुरुवात करा. काही डाग माप वाढवूनही जात नाहीत. पांढऱ्या सदऱ्यावर हळद सांडली आणि त्यावर पावडर चोळली, की डाग लाल होतो. हळदीतलं करक्युमिन अल्कलीत रंग बदलतं. आणखी चमचाभर पावडर घालून तो लाल डाग हलत नाही. सदरा धुऊन कडक उन्हात वाळवा, करक्युमिन उन्हाने विटतं.

आणि पाणी. मुंबईला भातसा, तानसा, वैतरणा या धरणांचं, म्हणजे पावसाचं पाणी मिळतं. ते हलकं असतं, तिथे कमी पावडर पुरते. डोंगरपठारावरच्या बोअरचं पाणी बरेचदा जड असतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात काठिण्याची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. या दोन टोकांना एकच चमचा कसा पुरेल? जड पाण्यात पावडरीतला काही भाग क्षार आवरण्यातच खर्च होतो. तिथे माप फार कमी केलं तर टॉवेल खरखरीत आणि पांढरे कपडे मळकट राखाडी होतात. पुण्यात आमच्या सोसायटीत हिवाळाभर महापालिकेचं पाणी असतं आणि मार्च सरला की टँकर सुरू होतो. त्या दिवसांत आमचा चमचा पाव भागाने वाढतो आणि पावसाळ्यात परत खाली येतो.

तुमचं पाणी कसं आहे हे घरीच कळतं. झाकणाच्या बाटलीत निम्मं पाणी घ्या, अंघोळीच्या साध्या साबणाचा नखाएवढा कीस टाका आणि हलवा. दाट फेस आणि खाली स्वच्छ पाणी दिसलं तर पाणी हलकं. फेस नाही आणि पाणी ताकासारखं गढूळ झालं तर जड. इथे साबणच घ्या, डिटर्जंट ही परीक्षा देत नाही.

खण भरतानाही चुका होतात. ‘२’ लिहिलेला खण मुख्य धुण्याचा, पावडर तिथेच. ‘१’ हा आधीच्या भिजवण्याचा. पावडर चुकून तिथे पडली, तर भिजवणीच्या पाण्याबरोबर वाहून जाते आणि खरं धुणं नुसत्या पाण्यात होतं. फुलाची खूण असलेला खण सॉफ्टनरचा. तो वरच्या रेघेपुढे भरला, तर आतल्या नळीतून सगळं सॉफ्टनर वेळेआधीच ओढलं जातं. टॉवेलना सॉफ्टनर नकोच, त्यांचं पाणी टिपणं कमी होतं. रात्री कपडे टाकून पहाटेची वेळ लावणार असाल, तर लिक्विडपेक्षा पावडर घ्या. लिक्विड तासन्‌तास खणात थांबत नाही, झिरपून खाली उतरतं.

माप जास्त होतंय का, हे टॉवेल सांगतो. धुऊन वाळवलेला टॉवेल बादलीभर कोमट पाण्यात टाका आणि पाच मिनिटं हाताने खळबळा. पाण्यावर फेस धरला, तर तो आधीच्या धुण्यांचा राहिलेला आहे. हाच अंश नाजूक कातडीला खाजवतो, कापड कडक करतो, आणि ड्रमच्या मागे थर धरून कुबट वास सोडतो. वास येतो म्हणून आपण पुन्हा पावडर वाढवतो आणि थर आणखी जाड होतो.

काकूंच्या मशिनमध्ये आम्ही काही न घालता दोन वेळा गरम पाण्याचं धुणं लावलं. पहिल्या वेळी, पावडरीचा कणही न टाकता, काचेवर फेस आला. दुसऱ्या वेळी काच स्वच्छ राहिली. आता त्या फ्रंट लोडची पावडर वापरतात, धुणं पुन्हा तासाभरात होतं. वाटी स्वयंपाकघरात परत गेली आहे आणि मापाच्या चमच्यावर काकूंनी नेलपॉलिशने रेघ ओढली आहे. पुढचं धुणं लावण्याआधी तुम्हीही टॉवेलची परीक्षा घ्या, बाटलीत पाणी हलवून पाहा, आणि तुमच्या चमच्यावर तुमच्या पाण्याची रेघ ओढा.