मुकी पाने आणि बोलकी पाने

अलीकडे पुष्कळ अभ्यासक्रम विद्यार्थ्याला घरबसल्या, संगणकावर वा मोबाइलवर शिकविले जातात. केंद्र सरकारचा ‘स्वयम्’ हा उपक्रम २०१७ साली सुरू झाला. करोनाच्या साथीत तर खेड्यांतील शाळांनाही हा मार्ग धरावा लागला. अशा वर्गात पुस्तक हाती देता येत नाही. मग शिक्षक ग्रंथालयातील पुस्तकाच्या पानांची छायाचित्रे घेतो, त्यांची एक पीडीएफ फाईल करतो आणि सर्वांना पाठवून देतो. वर्गात एखादा अंध विद्यार्थी असेल, तर त्याच्यापुरती ती फाईल मुकी राहते.

असे का होते, ते पाहण्याजोगे आहे. अंध विद्यार्थी संगणक वापरतो तो स्क्रीन रीडरच्या आधारे. पडद्यावरचा मजकूर हा कार्यक्रम त्याला मोठ्याने वाचून दाखवितो. यांपैकी ‘एनव्हीडीए’ हा मायकेल करन नावाच्या एका अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ साली हाती घेतला. तो विनामूल्य मिळतो आणि मराठीही वाचतो. परंतु त्याला वाचता येतात ती अक्षरे, चित्र नव्हे. छायाचित्रातील पान हे आपल्या दृष्टीने पान असले, तरी यंत्राच्या लेखी ते झाडाच्या वा घराच्या चित्राहून निराळे नसते.

मराठीपुढे आणखी एक अडचण आहे, आणि ती इंग्रजी वाचणाऱ्यांच्या कल्पनेतही येणार नाही. युनिकोड रूढ होण्यापूर्वी आपल्याकडे निरनिराळे फाँट वापरात होते व काही छापखान्यांत ते अद्यापही आहेत. त्यांत पडद्यावर ‘क’ दिसतो, पण आत साठविलेला असतो एखादा रोमन वर्ण किंवा चिन्ह. डोळसाला पान शुद्ध मराठी दिसते. स्क्रीन रीडर मात्र निरर्थक रोमन अक्षरे बडबडू लागतो. फादर स्टीफन्स यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात राशोल येथे छापले गेले, तेही रोमन लिपीत. पण तेथे वाचकाला निदान मराठी शब्द तरी उमगत होते! येथे तेही नाही.

परीक्षा अगदी सोपी आहे. फाईलमधील एक शब्द निवडून पाहावा. निवडला गेला नाही, तर ते चित्र समजावे. निवडला गेला, पण दुसरीकडे चिकटविल्यावर त्याचे भलतेच काही झाले, तर फाँट जुना आहे.

‘पण पुस्तकाची अशी प्रत करणे कायद्याला धरून आहे काय?’ असे अनेक शिक्षक विचारतात आणि या भीतीपोटी काहीच करीत नाहीत. ही भीती अनाठायी आहे. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. अपंग व्यक्तीला वाचता यावे म्हणून कोणत्याही ग्रंथाची सुगम प्रत करणे, आणि ती तिला स्वतःच्या वापरासाठी, शिक्षणासाठी वा संशोधनासाठी देणे, हा त्या दुरुस्तीने प्रताधिकाराचा भंग ठरत नाही. अट एवढीच की त्यात नफा नसावा. लगोलग २०१३ साली मोरोक्कोतील माराकेश शहरी आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याला मान्यता देणारे पहिले राष्ट्र २०१४ साली भारतच ठरले. करार २०१६ मध्ये अमलात आला आणि अशा प्रती एका देशातून दुसऱ्या देशात पाठविण्याची वाट मोकळी झाली.

त्याच वर्षी ‘सुगम्य पुस्तकालय’ हे संगणकीय ग्रंथालय सुरू झाले. छापील पुस्तक वाचणे ज्यांना अशक्य वा कठीण आहे, त्यांना प्रमाणपत्र दाखवून त्याचे सभासद होता येते. यात केवळ अंधच येतात असे नव्हे. ज्याला पुस्तक हातात धरता येत नाही, किंवा डिस्लेक्सियामुळे ज्याच्या नजरेपुढे अक्षरे गोंधळतात, तोही येतो. मात्र ही प्रत सबंध वर्गात वाटावयाची नसते. ती त्या विद्यार्थ्याचीच. बाकीच्यांनी रीतसर पुस्तक घ्यावे.

तेव्हा शिक्षकाने प्रथम ग्रंथपालाला गाठावे. पुष्कळदा ग्रंथालयाने घेतलेल्या नियतकालिकांत तोच लेख वाचनीय मजकुराच्या रूपात असतो. मग आपण वाकडेतिकडे छायाचित्र पाठविण्यापेक्षा त्याचा दुवा पाठविणे केव्हाही चांगले. सुगम प्रत कोठेच नसेल, तर ती तयार करावी लागते, आणि त्याला दिवस लागतात. म्हणून पुस्तकांची यादी सत्र सुरू होण्यापूर्वीच ग्रंथपालाच्या हाती पडली पाहिजे. परीक्षेला अंध विद्यार्थ्यास लेखनिक मिळतो खरा. पण पुस्तकच परीक्षेच्या आदल्या आठवड्यात हाती आले, तर त्या लेखनिकाला तो सांगणार तरी काय?

छायाचित्रातून अक्षरे ओळखून काढणारी यंत्रणा आता मराठीलाही उपलब्ध आहे. तिच्यावर विसंबून मात्र राहू नये. जोडाक्षरांत ती चुकते, रफार गाळते, ‘घ’ला ‘ध’ करते. मूळ पुस्तक शेजारी ठेवून कोणीतरी प्रत तपासलीच पाहिजे. वरच्या वर्गातील मुले हे काम आनंदाने करतात. आकृती वा नकाशा असेल, तर त्यात काय दाखविले आहे ते दोन वाक्यांत लिहावे. आणि हाताने लिहिलेली टिपणे असतील, तर ती नव्याने टंकलिखितच करावी. आपले वळणदार अक्षर यंत्राला सहसा लागत नाही.