जुन्या पेट्रोल पिकअपचे प्लग : निवड, गॅप व निगा

ओली लाल मिरची तोडून झाली, पोती भरली, आणि गाडी वाटेतच बसली, म्हणजे शेतकऱ्याचे काय नुकसान होते हे नंदुरबारच्या बाजारास माल नेणाऱ्यास सांगावयास नको. ओला माल पोत्यांत दडपून राहिला की तो तापतो, त्याचा रंग उतरतो व त्याबरोबर भावही उतरतो. गाडी अशी बसण्याचे कारण पुष्कळदा इंजिनाच्या माथ्यावर बसविलेला बोटाएवढा एक जिन्नस, म्हणजे प्लग, हा असतो. तो स्वस्त आहे म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते. परंतु निवडीत चूक झाली तर तोच महागडे इंजिन खातो. तेव्हा प्लग कसा निवडावा, त्याची गॅप कशी लावावी व त्याचे तोंड पाहून इंजिनाची प्रकृती कशी ओळखावी, याचा येथे विचार करावयाचे योजिले आहे.

आपल्या भागातील बहुतेक पिकअप गाड्या आज डिझेलवर चालतात. डिझेल इंजिनात इंधन दाबाच्या उष्णतेनेच पेटते. त्यास ठिणगीचा प्लग नसतो. हा लेख पेट्रोलच्या जुन्या गाड्यांसाठी आहे. अशा गाड्यांत महिंद्र कंपनीने १९६५ साली काढलेली एफसी-१५० ही लहान मालमोटार व त्याच घराण्यातील जुन्या जीपगाड्या यांची गणना करावी लागेल. त्यांतील 'हरिकेन' नावाचे चार सिलिंडरांचे इंजिन आम्ही येथे उदाहरणादाखल घेत आहोत. इतर गाड्यांचे आकडे निराळे असले तरी रीत हीच आहे.

प्लग निवडताना तीन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली, आट्यांची जाडी. वरील इंजिनास व आजच्याही पुष्कळ इंजिनांस १४ मिलिमीटरचे आटे चालतात. दुसरी, आट्यांची लांबी. हिच्याकडेच बहुधा कोणी पाहत नाही. ही लांबी ९.५, १२.७ किंवा १९ मिलिमीटर अशी निरनिराळी असते. जाडी एकच असल्यामुळे लांब प्लगही भोकात सहज फिरत जातो, आणि दुकानदार 'बसतो की!' म्हणून देतो. परंतु आखूड भोकात लांब प्लग घातला तर त्याचे टोक आत डोकावते व पिस्टनच्या अथवा व्हॉल्व्हच्या वाटेत येऊ शकते. उलट लांब भोकात आखूड प्लग घातल्यास ठिणगी आडोशास पडते व उघड्या राहिलेल्या आट्यांवर काजळी धरते. हरिकेन इंजिनास ९.५ मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंचाच्या निम्मा, प्लग लागतो. नवा प्लग घेताना जुना खिशात घालून न्यावा व दोन्ही शेजारी धरून ताडून पाहावे.

तिसरी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट प्लगाचा स्वभाव, म्हणजे तो उष्ण की थंड, ही होय. प्लगाच्या पोटातील पांढऱ्या चिनीमातीच्या कांडीचे टोक जितके लांब, तितकी त्याची उष्णता सावकाश बाहेर पडते. तो उष्ण प्लग. टोक आखूड असले म्हणजे उष्णता लवकर निघून जाते. तो थंड प्लग. हे टोक सुमारे ४५० अंश सेल्सियसच्या वर तापले तरच त्यावरील काजळी जळून जाते. तेच ८५० अंशांच्या फार पलीकडे गेले तर ठिणगी पडण्यापूर्वीच त्या लालबुंद टोकाने पेट्रोल पेटते व पिस्टनवर अवेळी घाव बसतो. या दोन मर्यादांच्या आत राहणारा प्लग तो त्या इंजिनाचा प्लग.

आता येथे एक मोठा घोटाळा आहे. प्लगावरील आकड्याने हा स्वभाव दाखविण्याची रीत प्रत्येक कंपनीची वेगळी आहे. एनजीके कंपनीच्या प्लगांत आकडा जितका मोठा तितका प्लग थंड. चॅम्पियनच्या प्लगांत याच्या नेमके उलट, आकडा मोठा तर प्लग उष्ण. बॉशच्या नव्या क्रमातही मोठा आकडा उष्णतेचाच आहे. आमच्या परिचयाच्या अक्राणी महालातील एका शेतकऱ्याची गाडी भरल्या ओझ्याने घाट चढताना ठोकू लागली. थंड प्लग घाला, असा सल्ला त्यांस मिळाला, व तो अयोग्य नव्हता. त्यांच्या पूर्वीच्या प्लगात मोठा आकडा थंड असे. म्हणून त्यांनी दुसऱ्या कंपनीचा मोठ्या आकड्याचा प्लग निवडून घेतला. प्रत्यक्षात तो अधिक उष्ण निघाला. चौथ्या खेपेस एका पिस्टनच्या डोक्यास भोक पडले. चार प्लगांची किंमत ती काय, आणि इंजिन उघडण्याचा खर्च तो काय! म्हणून कंपनी बदलावयाची झाल्यास आकड्यावर न जाता दुकानातील तुलनेचा तक्ता पाहूनच प्लग घ्यावा. हरिकेन इंजिनास चॅम्पियनचा जे-८ हा प्लग पूर्वीपासून नेमलेला आहे. दुसऱ्या कंपनीचा घेणे तर त्याच्या तोडीचा मागावा.

आता गॅपविषयी. मधल्या सळईच्या व बाजूच्या वाकड्या पट्टीच्या दरम्यान जी फट असते, तीस गॅप म्हणतात. ठिणगी हीच फट ओलांडते. फट फार मोठी झाली की ती ओलांडण्यास विजेचा दाब अधिक लागतो, व जुन्या कॉइलीस तो पुरविता येत नाही. सपाट रस्त्यावर अशी गाडी ठीक चालते; पण ओझे घेऊन चढ चढताना सिलिंडरातील दाब वाढतो व ठिणगी चुकू लागते. फट फार लहान असली तर ठिणगी पडते खरी, पण दुबळी. मग गाडी उभी असता इंजिन गचके खाते. हरिकेन इंजिनाची नेमलेली गॅप इंचाचे ३० सहस्रांश, म्हणजे सुमारे ०.७५ मिलिमीटर आहे. नवा प्लग खोक्यातून काढला की त्याची गॅप बरोबरच असेल असे समजू नये. प्रत्येक प्लग मोजावा.

मोजण्याचे काम असे करावे. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. प्लगाच्या बुडाशी साचलेली धूळ फुंकून काढावी, नाहीतर ती सिलिंडरात पडते. तारांवर क्रमांक घालून ठेवावेत, कारण या इंजिनात ठिणगीचा क्रम १-३-४-२ असा आहे व तारांची अदलाबदल झाली तर इंजिन चालणार नाही. जुन्या प्लगाची पट्टी खड्डा पडून झिजलेली असते; चपटे गेज त्या खड्ड्यावरून आडवे जाते व गॅप असते त्याहून कमी दाखविते. म्हणून जुन्या प्लगास गोल तारेचे गेज वापरावे. तार किंचित घासत आत जावी. सैल जाऊ नये, दाबावीही लागू नये. गॅप कमीजास्त करताना केवळ बाजूची पट्टी वाकवावी. मधल्या सळईवर जोर देऊ नये. तिच्याभोवतीची चिनीमाती तडकली की तो प्लग वाया गेला.

प्लग बसविताना तो प्रथम हातानेच शेवटपर्यंत फिरवावा. नवा वॉशर असल्यास त्यानंतर पान्याने अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा पुरे. अधिक आवळल्याने गाडी अधिक धावत नाही. आटे मात्र जातात.

काढलेले प्लग क्रमाने कागदावर मांडावेत व त्यांची तोंडे पाहावीत. फिकट तपकिरी अथवा राखी रंग हे आरोग्याचे लक्षण. कोरडी काळी काजळी दिसली तर पेट्रोल अधिक जात आहे, चोक अडकला आहे, किंवा हवेची गाळणी धुळीने भरली आहे असे समजावे. आपल्या उन्हाळ्यातील गाडीवाटांवर हे कारण फार आढळते. तेलकट काळे तोंड असेल तर रिंगा अथवा व्हॉल्व्हचे गाईड झिजले आहेत. तेथे नवा प्लग हा उपाय नव्हे. पांढरेफटक व फोड आलेले तोंड हा धोक्याचा इशारा होय. तेथे पेट्रोल कमी पडते, कोठून तरी हवा शिरते, ठिणगीची वेळ चुकली आहे, किंवा प्लगच उष्ण आहे.

या संबंधात एक नवी गोष्ट ध्यानात ठेवावी. २०२५ सालापासून देशात मिळणाऱ्या पेट्रोलात सुमारे २० टक्के इथेनॉल असते. आपल्याच उसापासूनही होणाऱ्या या इंधनात प्राणवायूचा अंश असल्यामुळे जुन्या कार्ब्युरेटरच्या इंजिनास मिश्रण थोडे हलके पडते व प्लगाचे तोंड पूर्वीपेक्षा पांढरट दिसू लागते. अशा वेळी प्लग बदलण्यापूर्वी कार्ब्युरेटर जाणत्या मिस्त्रीकडून तपासून घ्यावा, व रबरी नळ्याही पाहाव्यात. जुने रबर या इंधनाने लवकर खराब होते.

दर ५,००० किलोमीटरांस प्लग काढून पाहावेत, व साधे प्लग १५,००० ते २०,००० किलोमीटरांनंतर चारही एकदम बदलावेत. हंगाम सुरू होण्यापूर्वी, नांगर-बखर दुरुस्त करितो त्याच आठवड्यात हे काम उरकावे, आणि मापून ठेवलेला एक जोडीचा प्लग, पाना व गेज गाडीत कायम बाळगावे. एवढी तजवीज ठेवणाऱ्याचा माल घाटात अडकून राहण्याचे प्रसंग फारच थोडे येतील, असा आमचा अनुभव आहे.