दोन ट्रॉल्यांची गाडी

दसरा झाला की बालाघाटाच्या डोंगरातल्या गावांमधून ती बाहेर पडू लागते. पुढे पन्नास-पंचावन्न हॉर्सपॉवरचं ट्रॅक्टरचं हेड, मागे एकीला एक जोडलेल्या दोन ट्रॉल्या. ट्रॉल्यांत पत्र्याच्या पेट्या, कोपीचे बांबू, ताडपत्र्या, बाजरीची पोती, हंडे-कळश्या, खुराड्यातल्या कोंबड्या, एखादी शेळी आणि या सगळ्यावर बसलेली माणसं. वडवणी, धारूर, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, परळी या तालुक्यांतून निघालेली ऊसतोड कामगारांची टोळी सोलापूर, सातारा, सांगली, कोल्हापूरला, नाहीतर थेट कर्नाटकातल्या साखर कारखान्यावर जाऊन पोचते. पाच-सहा महिन्यांनी पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की त्याच ट्रॉलीतून परत. मधल्या काळात हीच गाडी फडातला ऊस कारखान्याच्या गव्हाणीपर्यंत वाहते.

बीड जिल्ह्यात रस्ता सुरक्षेचा विषय निघाला की बोलणं हेल्मेट, सीटबेल्ट आणि शहरातल्या चौकांमधली कोंडी एवढ्यावर येऊन थांबतं. ते विषय महत्त्वाचेच आहेत. पण ज्या गाडीत बसून या जिल्ह्यातली माणसं दरसाल लाखांनी घर सोडतात, तिची आठवण आपल्याला होते ती ती वाट अडवते तेव्हा किंवा उलटते तेव्हा. ही गाडी नीट समजून घेतली, तर धोका नेमका कुठे आहे ते कळतं. तो किती थोड्या खर्चात कमी होईल, तेही कळतं.

ट्रॅक्टर हे शेतासाठी घडवलेलं यंत्र. वजन दोन-अडीच टन, त्यातलं बहुतेक मागच्या चाकांवर. ब्रेकही सहसा मागच्याच चाकांना. चालकाच्या उजव्या पायाखाली मोटारीसारखं एक पेडल नसतं, शेजारी शेजारी दोन असतात. एक डाव्या चाकाचं, एक उजव्या चाकाचं. नांगरताना तासाच्या टोकाला वळायचं असलं की एकाच बाजूचं पेडल दाबायचं. ते चाक जागच्या जागी अडतं आणि ट्रॅक्टर त्याच्याभोवती फिरतो. डांबरी रस्त्यावर हीच सोय घात करते. म्हणून दोन्ही पेडल एकमेकांत अडकवायची एक कडी दिलेली असते. रस्त्याला लागण्याआधी ती लावायची. ती न लावता वेगात ब्रेक मारला आणि पाय एकाच पेडलवर जास्त पडला, तर हेड एका अंगाला खेचलं जातं आणि मागच्या ट्रॉल्या त्याला ढकलून आडवं करतात. कडी बोटभर लांबीची. दिवसा फडात आणि रात्री रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीत ती लावायची राहून जाते, जुन्या ट्रॅक्टरवर तर झिजलेली किंवा तुटून गेलेली दिसते.

आता मागे या. दोन ट्रॉल्यांत मिळून वीस टनांच्या वर ऊस बसतो. म्हणजे ओढणाऱ्याच्या आठ-दहा पट वजन ओढलं जाणाऱ्याचं. सपाटीवर हे चालून जातं, कारण इंजिनात ताकद आहे. प्रश्न येतो थांबायचा. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. सगळा भार थांबवायचं काम हेडच्या दोन मागच्या चाकांवर येतं. चढाला मागचं ओझं खेचतं, पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग हाताला रिकामं लागतं, आणि भर फारच झाला असेल तर हेड पुढून उचललं जातं. उताराला ट्रॉल्या ढकलू लागतात. त्यात डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल केली, की इंजिनाचा जो काही अडसर असतो तोही जातो.

धारूरचा घाट या गाडीची खरी परीक्षा घेतो. माजलगावच्या धरणाने सिंदफणेचं पाणी शिवारात आलं, ऊस वाढला, तेलगावला कारखाना उभा राहिला. आणि घाटमाथ्यावरून खाली यायचं तर हाच जुना, अरुंद वळणांचा रस्ता. हंगामात इथे ट्रॉली उलटल्याची बातमी येते, वाहतूक तासन्‌तास अडते, आणि बातमीत एक वाक्य असतं की चालकाचा ताबा सुटला. ताबा सुटला हे खरंच. पण पाच-सहा टन थांबवायला पुरेल एवढ्या ब्रेकवर वीस-बावीस टन लादून त्याला घाट उतरायला लावलं, तेव्हा त्याच्या हातात ताबा होता कितीसा?

तरी चालक आणि वाहतूकदार एवढा भर का घेतात? कारखाना वाहतुकीचे पैसे टनावर आणि अंतरावर देतो. कारखान्याच्या गाडीतळावर नंबर लागायला कधी अख्खी रात्र जाते, कधी त्याहून जास्त. खेप करायचीच तर भरून करायची, हा साधा हिशेब. वाहतूकदाराने ट्रॅक्टर कर्जावर घेतलेला असतो, मुकादमामार्फत टोळीला उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, दिलेली असते, आणि ती उचल हंगामात फिटली पाहिजे ही टांगती तलवार त्याच्यावर असते. मुकादमावर ती असते आणि सगळ्यात शेवटी कोयत्यावरही. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी; उचल जोडीवरच दिली जाते. या साखळीत जादा टनाचा मोह प्रत्येकाला होतो आणि त्याचा धोका मात्र गाडीवर असलेल्यांच्या वाट्याला येतो.

ट्रॉली भरताना एकदा जवळ उभं राहून पाहावं. दिवसभर तोडणी झालेली असते. गाडी कारखान्यावरून रिकामी होऊन येईल तेव्हा भरायची, मग रात्रीचे दोन का वाजेनात. फाळक्याला एक फळी तिरकी टेकवलेली, दोन पावलंही शेजारी नीट मावणार नाहीत इतकीच रुंद. बाई चुंबळीवर मोळी घेते, तीसेक किलोची, आणि पदर खोचून त्या फळीवरून चढते. वर उभा असलेला गडी मोळी घेतो आणि रचतो. फाळक्याच्या उंचीपर्यंत काम सोपं. त्याच्या वर गेलं की कडेला बुडखे आणि शेंडे आलटून पालटून बांधणी करावी लागते, नाहीतर वळणावर थर घसरतो. चांगला रचणारा गडी टोळीत मान मिळवून असतो. बांधणी पुरी झाली की दोर आवळतात आणि ज्या चालकाने संध्याकाळपासून डोळा मिटलेला नाही तो हेडवर बसतो. मागचा दिवा असला तर तो उसाआड गेलेला असतो.

सगळ्यात जास्त माणसं मरतात ती या न दिसणाऱ्या ट्रॉलीच्या मागे, असं मला वाटतं. पाहणी काय सांगेल ती सांगो, गणित तरी तसंच सांगतं. धुळे-सोलापूर महामार्ग चौपदरी झाला, मांजरसुंब्याचा घाट सोपा झाला, मोटारी ताशी ऐंशी-शंभरने जाऊ लागल्या. ट्रॉल्यांची गाडी जुन्याच वेगाने, ताशी वीसने चालते. ऐंशीने येणारी मोटार या गाडीच्या जवळ येते ती ताशी साठच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला जवळपास सतरा मीटर. खालच्या झोतात बिनदिव्याची ट्रॉली दिसते चाळीस-पन्नास मीटरवरून. हातात उरतात फार तर तीन सेकंद. त्यातला एक-दीड सेकंद समोर काय आहे ते उमजायलाच जातो. रस्ता चांगला झाला तसा वेगातला हा फरक वाढला आणि दुचाकीवाला, जीपवाला मागून जाऊन ट्रॉलीत घुसायचा धोकाही वाढला.

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर असेच मागून उडवले जात, तेव्हा तिथल्या विद्यापीठाने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला एक चिन्ह तयार केलं. मध्ये दिवसा झळकणारा नारिंगी त्रिकोण, कडेला रात्री उजळणारी लाल किनार. त्रिकोण दिसला की पुढची गाडी संथ आहे, हे मागच्याने ओळखायचं. दिवा नको, वायर नको, बॅटरी नको. पुढे बऱ्याच देशांनी तो घेतला.

आपल्याकडेही हंगामाच्या तोंडावर आरटीओ, पोलीस आणि कारखाने मिळून रेडियम लावायच्या मोहिमा घेतात. चांगलं काम आहे. पण महिनाभरात पट्टीवर चिखल बसतो, फाळकं बदललं जातं, ऊस पट्टी झाकतो, आणि पुढची तपासणी पुढच्या हंगामात. या गाडीची रोज, दर खेपेला तपासणी होऊ शकते अशी जागा एकच आहे: कारखान्याचा वजनकाटा. तिथून गेल्याशिवाय एकही ट्रॉली रिकामी होत नाही. गाडीचा नंबर, चालक, वजन सगळं तिथे नोंदलं जातं. म्हणजे कोणती गाडी किती जादा भरून आली, याचा पुरावा कारखाना स्वतःच्या हाताने लिहीत असतो. ठरल्या मर्यादेच्या वरच्या टनाचं वाहतूक भाडं मिळणार नाही आणि रेडियम पुसून स्वच्छ केलेलं नसेल तर पावती फाटणार नाही, एवढं काट्यावर ठरवलं तर घाटात पोलीस उभे करण्याची गरज बरीच कमी होईल. २०२१-२२च्या हंगामात राज्यात १३ कोटी टनांहून जास्त ऊस गाळला गेला. ट्रक आणि टायरगाड्यांचा वाटा वजा केला तरी या गाडीच्या खेपा लाखांनी मोजाव्या लागतात. लाखो खेपा तपासायच्या तर त्या जिथे आपणहून येतात तिथेच तपासाव्या लागतील.

या गाडीमागे रांगेत अडकलेली असते एसटी. बीड विभागाचे आठ आगार आहेत, आणि वाडी-तांड्यावरच्या मुली शाळा-कॉलेजला जातात त्या याच लाल गाडीच्या पासवर. ट्रॉलीमागे बस अडकली की पहिला तास बुडतो, आणि गेलेला वेळ भरून काढायला पुढच्या मोकळ्या पट्ट्यात चालकाला पाय दाबावा लागतो. मराठवाड्याला सरकारी बसची सवय उर्वरित महाराष्ट्राच्या आधीपासून आहे. निजामाच्या रेल्वेने १९३२ मध्येच २७ बसगाड्यांनी प्रवासी सेवा सुरू केली होती, आणि पुण्याहून नगरला पहिली एसटी सुटली ती १ जून १९४८ला. रेल्वेची गोष्ट वेगळी. परळीला ती जुनीच, पण अहमदनगर-बीड-परळी मार्ग १९९५ला मंजूर होऊन बीड शहरात गाडी यायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडावा लागला. एवढी वर्षं जिल्ह्याचा बहुतेक भार रस्त्यानेच वाहिला.

रस्त्याने जिल्ह्याचे मोठे नेतेही नेले. गोपीनाथ मुंडे ३ जून २०१४ला दिल्लीत मोटार अपघातात गेले, विनायक मेटे १४ ऑगस्ट २०२२ला मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर. मुंडे मागच्या सीटवर बसले होते. त्यानंतर मागच्या सीटच्या पट्ट्याची चर्चा देशभर झाली आणि ती व्हायलाच हवी होती. ट्रॉलीत तर सीटच नाही. पेट्यांच्या ढिगावर बसलेली गरोदर बाई, मांडीवरचं लेकरू, कठड्याला धरून उभा असलेला म्हातारा. कायद्याने ट्रॉलीत प्रवासी बसवता येत नाहीत. त्यामुळे कागदोपत्री ही माणसं प्रवासीच नाहीत, आणि अपघात झाला की विमा कंपनी नेमकं याच मुद्द्यावर हात झटकू पाहते.

मला यातून एक मार्ग सरळ दिसतो: संसार ट्रॉलीत, माणसं एसटीत. एका गाडीवरची टोळी साधारण दहा-बारा कोयत्यांची. म्हणजे वीस-चोवीस मोठी माणसं आणि त्यांची लेकरं. एका बसमध्ये सहज बसतात. धारूर-वडवणीहून सांगली-कोल्हापूरकडे तीनशे-साडेतीनशे किलोमीटर जायला ट्रॅक्टरला रात्र आणि दिवस लागतो, बस सकाळी निघून संध्याकाळी पोचते. एसटीकडे यासाठी प्रासंगिक कराराची सोय आहेच. लग्नाच्या वऱ्हाडाला आणि शाळेच्या सहलीला ती रोज वापरली जाते. आषाढीला पंढरपूरसाठी महामंडळ जादा गाड्या सोडतं, तेव्हा दसरा-दिवाळीच्या पंधरवड्यात बीडच्या आगारांतून टोळ्यांसाठी गाड्या सोडणं त्याला नवीन नाही. महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत मार्च २०२३पासून आहे, ७५ वर्षांवरच्यांचा प्रवास ऑगस्ट २०२२पासून मोफत आहे. या सवलती नेहमीच्या गाड्यांना आहेत. टोळीच्या गाडीलाही त्या लागू करायच्या.

पैशाचाही प्रश्न मोठा नाही. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी गाळपाच्या टनामागे १० रुपये द्यायचे आणि तितकेच सरकारने घालायचे, असं ठरलेलं आहे. त्याच योजनेतून संत भगवानबाबांच्या नावाची वसतिगृहं निघाली. मुलं गावाजवळ शिकायला राहिली की ट्रॉलीतल्या पेट्यांवर बसणारी तेवढी लेकरं कमी होतात. रस्ता सुरक्षेच्या हिशेबात हे कुणी धरत नाही, पण धरायला हवं. टोळीचं जाण्या-येण्याचं बसभाडं हा त्याच निधीचा रास्त खर्च आहे.

परतीची खेप जास्त जपायला हवी. जाताना मुकादम आणि वाहतूकदार दोघांनाही टोळी कारखान्यावर पोचवायची घाई असते, म्हणून गाडीची निदान डागडुजी होते. मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडतो तेव्हा टायर गुळगुळीत झालेले, चालक पाच महिन्यांचा जागलेला, माणसं थकलेली, आणि हिशेब मिटल्यावर टोळी घरी कशी पोचते हे पाहायला कुणी मोकळा नसतो. तोडणी-वाहतुकीचे करार कारखाने हंगामाच्या बरेच आधी करून ठेवतात. त्या छापील करारात एक कलम वाढवायचं आहे: टोळीतली माणसं बसने येतील, बसनेच गावी जातील, आणि ते भाडं कुणाच्या उचलीत मांडलं जाणार नाही.