तांब्याची मूस: गैरसमज आणि वस्तुस्थिती

तांबे १०८५ अंश सेल्सिअसला वितळते. त्याहून जास्त आच सोसणारे कोणतेही भांडे मूस म्हणून चालेल, असा समज आहे. लोखंड १५३८ अंशांपर्यंत वितळत नाही, तरी उघड्या लोखंडी भांड्यात तांबे वितळवत नाहीत. तांब्याचा रस लोखंडाला हळूहळू विरघळवतो. भांडे झिजते ते वेगळेच, पण रसात उतरलेले थोडे लोखंडही तांब्याची विद्युतवाहकता चांगलीच घटवते. म्हणून फाउंड्रीत मूस असते ती माती-ग्राफाइटची किंवा सिलिकॉन कार्बाइडची.

ग्राफाइट जळत नाही, हेही खरे नाही. तो कार्बनच, हवेत सुमारे ५०० अंशांच्या पुढे तो सावकाश जळू लागतो. मुशीवरचा काचेसारखा लेप त्याला हवेपासून वाचवतो. लेप उडाला की भिंत पातळ होत जाते.

मूस तडकली की बोट आचेकडे जाते. पुष्कळदा कारण ओल असते. चेन्नईत हवा बाराही महिने दमट, त्यात ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस. मुरलेल्या ओलाव्याची झटक्यात वाफ झाली की भिंत फुटते. मूस कोरड्या जागी ठेवून आधी मंद आचेवर तापवावी लागते. मुशीला दोष देण्याआधी कोठाराचे छप्पर पाहिलेले बरे! दुसरे कारण म्हणजे तळाशी गोठू दिलेला रस. पुन्हा तापवताना तांबे वितळण्याआधी मुशीपेक्षा कितीतरी जास्त प्रसरण पावते आणि तिला आतून चिरते. धातूचे तुकडे ठासून भरल्यानेही हेच होते.

चेन्नईतल्याच एग्मोरच्या शासकीय संग्रहालयातला तिरुवालंगाडूचा कांस्य नटराज पाहून एकाच प्रचंड मुशीची कल्पना केली जाते. चोळकालीन मूर्ती भरीव ओतलेल्या असल्याने धातू भरपूर लागे, हे खरे. पण मोठ्या ओतकामात अनेक मुशींतला रस खंड न पडू देता साच्यात सोडता येतो.

पितळ वितळताना उठणारा पांढरा धूर मुशीचा नव्हे. जस्त ९०७ अंशांनाच उकळते. त्याची वाफ हवेत जळून ऑक्साइड बनते. तो धूर श्वासात गेल्यास काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. नवी मूस आणून हे थांबत नाही. रस गरजेपेक्षा जास्त तापवू नये, जस्त शेवटी टाकावे, हवा खेळती ठेवावी.